अळणी वरण

डॉक्टरांनी दिलेल्या छापील कागदावर दोन रकाने होते. 'वर्ज्य' या रकान्यात पहिलाच शब्द डाळ. त्याखाली नारळपाणी, टोमॅटो, केळं, पालक, सुका मेवा, पापड, लोणचं. 'चालेल' या रकान्यात सगळ्यात वर अंड्याचा पांढरा भाग. माझ्या सासूबाईंना, आम्ही सगळे त्यांना अक्का म्हणायचो, मी तो कागद वाचून दाखवला. तेव्हा त्यांचं वय 72, आणि रक्तातलं क्रिएटिनिन तीनच्या वर गेलेलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे डाळ सोडायची आणि अंडं धरायचं. मग अष्टमी-चौदसीला मी काय खाऊ गं? नुसतं पाणी? तेही मोजूनच द्या म्हणालाय ना तो?"

हसायला आलं, पण प्रश्न खरा होता. आमच्या बेळगावकडच्या दिगंबर घरांत कांदा, लसूण, बटाटा, गाजर हे कंदमूळ नाहीच. अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजीही नाही. सूर्य मावळला की ताटच नाही. वर चातुर्मासाचे आणि दशलक्षणाचे नियम ज्याच्या त्याच्या शक्तीप्रमाणे. एवढं सगळं वगळून जे उरतं त्यात भाकरी-भात सोडला तर आधार एकच, तो डाळीचा. आमटी, वरण, पिठलं, झुणका, सांडगे, पापड, सगळं तिथूनच निघतं. ती डाळच काढून घेतली तर जैन बाईचं ताट म्हणजे मोकळी पाटीच.

तो कागद कुणी लिहिला, तो कुठून आला, त्यात डाळीला खालचा पाट आणि अंड्याला वरचा पाट का, हे मी त्या वर्षी शोधत बसले. त्यातून जे हाती लागलं ते इथं मांडते.

सुरुवात आपल्याच घरातून करू. राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष नृपतुंग नवव्या शतकात मान्यखेटला राज्य करत होता. मान्यखेट म्हणजे आजचं कलबुर्गी जिल्ह्यातलं मळखेड. त्याच्या काळातल्या उग्रादित्याचार्य नावाच्या जैन मुनींनी 'कल्याणकारक' नावाचा वैद्यकाचा संस्कृत ग्रंथ लिहिला. हा ग्रंथ 1940 साली सोलापूरला सखाराम नेमचंद ग्रंथमालेत हिंदी अनुवादासह छापला गेला. संपादन वर्धमान पार्श्वनाथ शास्त्री यांचं. आपल्या किती घरांत तो आहे माहीत नाही. माझ्या माहेरच्या मंदिराच्या कपाटात होता, आणि त्याची पानं कुणी उलटल्याची खूण नव्हती.

या ग्रंथाची गंमत अशी की तो मद्य, मांस आणि मध या तिन्हींना हात न लावता औषध सांगतो. शेवटी मांसाहार औषध म्हणूनसुद्धा नको, हे पटवून देणारं एक वेगळं प्रकरण आहे. ते अमोघवर्षाच्या सभेत वैद्य-पंडितांसमोर मांडलं होतं असं त्यातच म्हटलंय. हे वादाचं प्रकरण लिहावं का लागलं असेल? कारण चरक-सुश्रुतांच्या परंपरेत अशक्त रोग्याला मांसरस देणं सर्रास होतं. ज्याचं अंग गळालं त्याला मांसाचा रस द्या. मग जैन वैद्यानं काय द्यायचं? त्याच्या हाताशी होता यूष, म्हणजे डाळीच्या कितीतरी पट पाणी घालून शिजवलेलं पातळ कढण. आणि चरकसंहितेतच शेंगांच्या धान्यांत मूग सगळ्यांत पथ्यकर म्हणून सांगितलेला आहे. 'हे खाऊ नका, त्याऐवजी प्राण्याचं खा' आणि 'ते नको, आम्ही डाळीवर भागवतो' हा झगडा अक्कांच्या खाटेशी सुरू झाला नव्हता. तो हजार-बाराशे वर्षांपूर्वी राजाच्या दरबारात होऊन गेलेला आहे. हे मी अक्कांना सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, "मग कोण जिंकलं?" लिहिणारा जैन असल्यावर कोण जिंकणार, असं मी म्हटलं.

आपल्या कानडी भागात पुढे आणखी एक जैन पाकग्रंथ झाला, तिसऱ्या मंगरसाचा 'सूपशास्त्र', 1508 सालचा. सगळं पद्यात, सगळं शाकाहारी. त्यात वांग्याचे इतके प्रकार आहेत की आज बहुबीज म्हणून वांगं टाळणाऱ्या आमच्या काकूंना ते दाखवायची सोय नाही. 'सूप' म्हणजे इथं इंग्रजी सूप नव्हे. संस्कृतात सूप म्हणजे शिजवलेली डाळ, आणि सूपकार म्हणजे आचारी. स्वयंपाक्याला नावच डाळीवरून मिळालं, एवढा तिचा मान.

आता बायकांच्या ज्ञानाकडे येते, जे कुठल्या ग्रंथात छापलेलं नाही.

पुरण घालायचं म्हटलं की आपण हरभऱ्याची डाळ भरपूर पाण्यात शिजवतो आणि ते पाणी निथळून काढतो. त्याला म्हणायचं कट. त्या कटाची आमटी. आमच्या शेजारच्या कानडी बायका त्यालाच कट्टिन सारू म्हणतात. पूर्वी फक्त सणालाच नव्हे, रोजची डाळसुद्धा चुलीवर पातेल्यात मोकळ्या पाण्यात शिजायची, वरचा फेस काढायचा, जास्तीचं पाणी ओतून त्याचं सार करायचं. 1959 च्या सुमारास हॉकिन्स आणि प्रेस्टीजचे कुकर आपल्याकडे आले, आणि पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत ते घरोघरी पोचले. कुकरात मोजकं पाणी, झाकण बंद, तीन शिट्ट्या. जे डाळीत होतं ते सगळं भांड्यातच राहिलं. निरोग्याला हे चांगलंच. पण मूत्रपिंडाच्या रोग्याचं गणित नेमकं उलटं असतं. पोटॅशियम पाण्यात विरघळतं. डाळ भिजवली, ते पाणी टाकलं, मग मोठ्या पातेल्यात भरपूर पाण्यात उकळली आणि तेही पाणी ओतून दिलं, की पोटॅशियमचा बराच भाग त्या पाण्याबरोबर जातो आणि प्रथिनं बहुतेक डाळीतच राहतात. आजच्या आहारतज्ज्ञ बाई जी युक्ती सांगतात ती म्हणजे आमच्या आजीचा कट काढणं. फरक एवढाच, की आजी कट ठेवायची, इथं कट टाकायचा. कटाची आमटी अशा माणसाला द्यायची नाही. जे आपल्याला ताकदीचं म्हणून माहीत आहे तेच त्याला जड.

कुळथाबद्दलही इथंच बोलते, कारण यात आमच्या नात्यातल्या एका बाईंचं नुकसान झालेलं मी पाहिलंय. आपल्याकडे हुलगा म्हणा, कुळीथ म्हणा, कानडीत हुरळी म्हणा, मुतखड्यावर त्याचं कढण द्यायची रीत जुनी आहे. आयुर्वेदात अश्मरीवर तो सांगितलेला आहे. पण मुतखडा वेगळा आणि मूत्रपिंड हळूहळू निकामी होणं वेगळं. आपल्या बोलण्यात दोन्हीला एकच शब्द झालाय, "तिला किडनीचं आहे". मग ज्याला त्याला हुलग्याचं कढण, वर शहाळ्याचं पाणी. त्या बाई रोज पितळी तांब्याभर कढण प्यायच्या, श्रद्धेनं. कढण म्हणजे काय, तर टाकायला हवं होतं ते सगळं पाणीच. रक्तातलं पोटॅशियम वाढलं की हृदयाचा ठोका चुकतो, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. घाईघाईनं दवाखान्यात न्यावं लागलं.

आता त्या कागदाचा दुसरा रकाना, अंड्याचा.

मूत्रपिंडाच्या रोगाची नीट ओळख झाली ती लंडनच्या गाईज हॉस्पिटलमधल्या रिचर्ड ब्राइट या डॉक्टरामुळे. 1827 मध्ये त्यांनी आपल्या रुग्णांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. अंगावर सूज आलेल्या माणसाची लघवी चमच्यात घेऊन मेणबत्तीवर तापवायची. ती दुधासारखी गोठली की मूत्रपिंडातून प्रथिनं गळतायत हे कळायचं. पुढे शंभरेक वर्षं या रोगाला ब्राइटचा रोगच म्हणत. उपाय मात्र फारसा हाती नव्हता. रक्तदाबाची आजची औषधंही नव्हती. अशा काळात, 1939 पासून, अमेरिकेत ड्यूक विद्यापीठात वॉल्टर केम्पनर नावाचे डॉक्टर आपल्या रुग्णांना भात, फळं, फळांचा रस आणि साखर एवढ्यावर ठेवू लागले. मीठ नाही. दिवसाला प्रथिनं सुमारे 20 ग्रॅम. केम्पनर बर्लिनचे, हिटलरच्या राज्यातून निघून गेलेले. त्यांच्या काही रुग्णांची सूज उतरली, रक्तदाब उतरला. हे वाचताना मला राहून राहून वाटत होतं की हा माणूस आमच्या एखाद्या मासोपवासी आजीच्या पारण्याचं ताट वाढतोय.

याच सुमाराला, 1943 मध्ये, जर्मनांच्या ताब्यातल्या हॉलंडमध्ये विलेम कोल्फ यांनी सॉसेजच्या वेष्टनाचा सेलोफेन वापरून रक्त शुद्ध करणारं यंत्र बनवलं. 1960 मध्ये सिएटलला बेल्डिंग स्क्रिबनर यांनी हातात कायमची नळी बसवायची सोय काढली आणि डायलिसिस पुन्हा पुन्हा करता येऊ लागलं. पण यंत्रं थोडी, रोगी फार. म्हणून आहारावरच माणूस किती काळ तगेल याचा शोध चालू राहिला. 1963 मध्ये नेपल्सच्या जोर्दानो यांनी आणि 1964 मध्ये पिसाच्या जोवानेत्ती आणि माज्जोरे यांनी दाखवलं की प्रथिनं अगदी कमी करून, आणि जी द्यायची ती शरीराला पुरती उपयोगी पडतील अशी देऊन, रोग्याच्या रक्तातला युरिया उतरवता येतो. पिसावाल्यांनी यासाठी निवडलं अंडं. बाकी पोट भरायला प्रथिनं काढून टाकलेल्या पिठाचा पास्ता. अंड्यात शरीराला लागणारी सगळी अमिनो आम्लं नेमक्या प्रमाणात असतात, म्हणून ते 'उच्च प्रतीचं', आणि डाळ 'दुय्यम'. इटलीतल्या त्या रोग्यांसाठी हे सोयीचं होतं. अंडं त्यांच्या घरात होतंच, डाळ-भात नव्हता.

तिथून पाठ्यपुस्तकांत, पाठ्यपुस्तकांतून छापील कागदावर, आणि तो कागद अक्कांच्या खाटेवर, असा हा प्रवास झाला असावा असं मला वाटतं. मधल्या काळात कुणी विचारलं नाही की एका ताटात डाळ आणि भात, किंवा डाळ आणि भाकरी, एकत्र आल्यावर एकाचं उणं दुसरं भरून काढतं. हेही शास्त्रच आहे, आणि तेही जुनंच आहे. धान्यात लायसीन कमी, डाळीत भरपूर. डाळीत जे कमी ते धान्यात.

आता वारं थोडं फिरलंय. 2011 मध्ये अमेरिकेत नऊ रुग्णांवर एक छोटा प्रयोग झाला. एक आठवडा मांसाहारी, एक आठवडा शाकाहारी जेवण, दोन्हींत प्रथिनं आणि फॉस्फरस सारखंच. शाकाहारी आठवड्यात रक्तातलं फॉस्फरस कमी निघालं, कारण धान्या-डाळींतलं फॉस्फरस बरंचसं फायटेटच्या रूपात बांधलेलं असतं आणि आपल्या आतड्याला ते सुटत नाही. नऊ म्हणजे काही फार नव्हेत. पण 2020 च्या अमेरिकन मार्गदर्शक नियमांतही अमुकच प्रथिन घ्या, प्राण्याचंच घ्या, असा आग्रह उरलेला नाही. किती घ्यायचं ते मात्र आहे. डायलिसिस नसलेल्या आणि मधुमेह नसलेल्या रोग्याला दर किलो वजनामागे 0.55 ते 0.60 ग्रॅम. डायलिसिस सुरू झालं की उलट वाढवायचं, 1 ते 1.2 ग्रॅम, कारण यंत्रातून प्रथिनं वाहून जातात. दोन्ही अवस्थांना एकच कागद देऊन चालत नाही.

मी वहीत हिशेब मांडला. अक्कांचं वजन 50 किलो. म्हणजे दिवसाला 30 ग्रॅमच्या आत-बाहेर. कोरडी मूगडाळ 30 ग्रॅम, साधारण अडीच चमचे भरून, त्यात 7 ग्रॅम. तांदूळ 100 ग्रॅम, त्यात 7. जोंधळ्याचं पीठ 100 ग्रॅम, त्यात 10. दूध लहान पेलाभर, त्यात 5. झाले 29. डाळ बसली की! ताटातून कुणालाही उठवावं लागलं नाही. हा कागद घेऊन मी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले, तिथल्या आहारतज्ज्ञ बाईंनी तो पाहिला, रक्ताचे आकडे पाहिले आणि म्हणाल्या, "डाळ एकदाच, मोजून, पाणी काढून. चालेल." हे आकडे अक्कांचे होते. दुसरीच्या घरी ते जसेच्या तसे उचलून नेऊ नयेत. जुन्या कोष्टकांत मूग-तुरीपेक्षा मसुरीत पोटॅशियम कमी आहे, म्हणून त्या बाईंनी मसूर सुचवली होती. आमच्याकडे मसूर शिजत नाही, रंगावरून मनाला येत नाही. मग मूगच ठरला.

मिठाची गोष्ट राहिली. इथं मात्र आपल्या बायकांना कुणी शिकवायची गरज नाही. रसपरित्यागात दूध, दही, तूप, तेल, गोड आणि मीठ असे सहा रस. वारावारानं एकेक सोडायची चाल आहे, आणि रविवार मिठाचा. अक्कांनी लग्न झाल्यापासून रविवारचं मीठ खाल्लं नव्हतं. त्यांची जीभ तयार होती. बाकीच्या सहा वारांनाही तसंच करायचं, एवढंच नवं. त्यांना अडचण आली ती पापडाची. पापडात मीठही आणि पापडखारही, दोन्ही सोडियम. आणि सैंधव म्हणजे मीठ नव्हे अशी जी आपली समजूत आहे तीही खोटी. उपवासाला चालतं म्हणून ते हलकं होत नाही, तेही सोडियम क्लोराइडच. त्याहून सांभाळायचं ते बाजारातलं 'लो सोडियम' मीठ. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं. धाकट्या दीरांनी प्रेमानं त्याचा पुडा आणला होता, तो परत पाठवला.

मीठ आणि डाळ एकदम सोडण्याचा एक प्रसिद्ध प्रसंग गांधीजींच्या आत्मकथेत आहे. दक्षिण आफ्रिकेत कस्तुरबांना रक्तस्रावाचा त्रास होता. शस्त्रक्रियेनंतरही तो उलटला. मीठ आणि डाळी अशक्त माणसानं टाळाव्यात असं गांधीजींनी कुठं वाचलं होतं. ते कस्तुरबांच्या मागे लागले. त्या ऐकेनात. शेवटी म्हणाल्या की तुम्हाला कुणी सांगितलं तर तुमच्यानंसुद्धा हे सुटणार नाही. गांधीजींनी तिथल्या तिथं वर्षभरासाठी दोन्ही सोडलं. कस्तुरबा रडल्या, विनवलं, शपथ मागे घ्या म्हणाल्या. ते म्हणाले, माझी सुटका नाही. मग त्यांनीही सोडलं, आणि आजार हटला असं ते लिहितात. हीच गोष्ट कस्तुरबांनी लिहिली असती तर कशी लिहिली असती हे मला वाचायला आवडलं असतं. पुढे याच माणसानं 1930 मध्ये मूठभर मिठासाठी दांडीपर्यंत चालत जाऊन देश हलवला, आणि त्याच वर्षी मे महिन्यात आपल्या कोकणात शिरोड्याच्या मिठागरांवर सत्याग्रह झाला.

अक्कांसाठी मी करत होते ते वरण असं. सकाळी ऊन पडल्यावर गाळलेल्या पाण्यात मूगडाळ भिजत घालायची. रात्रभर भिजवणं आपल्यात बसत नाही, आणि सोललेल्या डाळीला तशी गरजही नाही, दोन-अडीच तास पुरतात. मध्ये एकदा पाणी बदलायचं. मग डाळीच्या आठ-दहा पट पाणी मोठ्या पातेल्यात उकळायचं, त्यात डाळ टाकायची, झाकण न ठेवता बोटानं दबेल इतकी शिजवायची, चाळणीत ओतून निथळायची. नंतर ताज्या गरम पाण्यात मऊ होईपर्यंत आटवायची. सोडा घालायचा नाही. हिरव्याचा दिवस नसेल तर आधी वेगळा उकडून पाणी काढलेला दुधीचा कीस घालायचा. चमचाभर तुपात जिरं, हिंग, एक सुकी मिरची, कढीपत्ता, हळद. टोमॅटो नाही, चिंच नाही, ओलं खोबरं नाही. उतरवल्यावर लिंबाचे चार थेंब, आणि भरडलेले धणे-जिरे वरून. मीठ नसलं की आंबट आणि धण्याचा वास जिभेला फसवतो. पहिले आठ दिवस अक्का काही बोलल्या नाहीत. नवव्या दिवशी म्हणाल्या, "हिंग जरा कमी घाल, वैद्याच्या घरचं वाटतं."

कट टाकायचा म्हटलं तरी आपल्यात तो सरळ मोरीत जात नाही. उकळतं पाणी जमिनीवर ओतलं तर त्या वाटेतल्या जिवांची हत्या. म्हणून पातेलं झाकून ओट्याच्या कडेला ठेवायचं, निवलं की परसात जाईच्या बुंध्याशी हळूच सोडायचं. अक्कांना अंथरुणावरून उठवत नसे त्या शेवटच्या पावसाळ्यात, तेव्हासुद्धा भांड्याचा आवाज आला की आतून हाक यायची, "निवलं का गं?"